तारीचा कुत्रा

"उचलशी?"

मोठ्या कुत्र्याची गोष्ट कोणी काढली की आमच्या खाडीवरचा तारी एवढंच विचारायचा. विचारताना दोन्ही हात पुढे करायचा, तळवे वर, जणू त्या हातांवर कोणीतरी झोपलेलं आहे. समोरचा माणूस हसायचा. तारी हसत नसे. हात तसेच धरून उत्तराची वाट बघत राहायचा.

शिरोड्याच्या वरच्या अंगाला एक खाडी आत शिरते. तिच्या एका काठाला माझं बिऱ्हाड होतं आणि पलीकडच्या काठाला माझी शाळा. मी मूळचा बांद्याचा. बदलीने इथे आलो तो बारा वर्षं राहिलो, आणि त्या बारा वर्षांत रविवार सोडला तर रोज दोनदा त्याच्या होडीत बसलो. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, आणि ती चालवतो तो तारी. त्याला नावाने हाक मारायची कोणाला गरज पडत नसे. साठीकडे झुकलेला, सुक्या बांगड्यासारखा काळा आणि कडक माणूस. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. धक्क्याला लागून त्याची खोप होती. सुगी झाली की घरोघर फिरून तरीच्या मजुरीचं भात गोळा करायचं आणि वर्षभर पुरवायचं, एवढाच त्याचा संसार.

या माणसाचा मी सात वर्षं हेवा केला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं किती खरं मानायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

कुत्रा खरं तर माझा होता.

गोवा मोकळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हद्दीपलीकडचा एक भाटकार, म्हणजे तिकडचा जमीनदार, घरदार आवरून लिस्बनला निघाला. त्याच्याकडे वर्षाचा एक ग्रेट डेन होता. तांबूस अंग, काळं तोंड, आणि उभा राहिला की पाठ माझ्या कमरेला लागेल एवढा. भाटकाराला कुत्रा बरोबर न्यायचा नव्हता आणि गोळी घालायला त्याचा जीव होत नव्हता. तो चांगलं घर शोधत होता. आता आमच्या टापूत असल्या कुत्र्याचं नाव तरी कोणाला ठाऊक? मला होतं. बांद्याच्या बाजारात रद्दीत मिळालेलं कुत्र्यांच्या जातींचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं, चित्रांसकट. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून दाखवून मी त्याची पानं सैल केली होती. मी भाटकाराला वळणदार अक्षरात पत्र लिहिलं आणि कुत्रा मला मिळाला.

त्या पुस्तकात सगळं होतं. उंची, वजन, स्वभाव, कोणकोणत्या राजांनी पाळला. माझ्या घराचा दरवाजा केवढा आहे ते मात्र त्यात नव्हतं.

पहिली फजिती धक्क्यावरच झाली. कुत्रा होडीत चढेना. चारही पाय रोवून उभा राहिला. मी साखळी ओढली, पलीकडच्या दोघा गाबीत मच्छीमारांनी मागून ढकललं, मासळीवाल्या बायका पाट्या खाली ठेवून तमाशा बघायला उभ्या राहिल्या. मी त्याचं नाव 'ऐरावत' ठेवलं होतं. त्या नावाने मी हाका मारत होतो आणि तो माझ्याकडे बघतही नव्हता.

तारी होडीतून उतरला. "कित्याक वडतात तेका? तो भियालो आसा," तो म्हणाला. मग मला विचारलं, "गुरुजी, उचलशात?"

"हा काय मांजर आहे उचलायला?"

"माका वाटला, तुमचो आसा."

एवढं बोलून तो वाकला. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मागून. कुत्रा त्याच्याहून जड असेल. पण जन्मभर होडी वर-खाली ओढलेला माणूस तो. त्याने ते धूड उचललं, गुडघाभर पाण्यातून चालत नेलं आणि मागच्या फळीवर बसवलं. ती रोजची माझी जागा. कुत्र्याने एकदा त्याचा कान चाटला. त्याच क्षणी मला कळलं की काहीतरी माझ्या हातून निसटलं.

तीन दिवस ऐरावत माझ्या घरी होता. दारातून आत येताना त्याचं डोकं चौकटीला लागलं, आत आल्यावर शेपटी देवापुढच्या दिव्याला, मग वाळत घातलेल्या फेण्यांना, मग लोणच्याच्या बरणीला. शेणाने सारवलेल्या ओटीवर तो नीट उभा राहायचा, पण माजघरातल्या गुळगुळीत फरशीवर चारही पाय चार दिशांना जायचे. आम्हा दोघांच्या दोन वेळच्या भाकऱ्या त्याने एका बैठकीत संपवल्या नाहीत. नुसत्या हुंगल्या आणि तोंड फिरवलं. तेही मला लागलं. घरात वळायला जागा उरली नव्हती.

"अहो, तुमच्या पुस्तकात ह्येच्या शेपटेचा काय लिवलेला नाय?" बायकोने विचारलं.

चौथ्या दिवशी सकाळी साखळी तुटलेली दिसली. मी धक्क्यावर गेलो, तर तारी पेज खात बसला होता आणि ऐरावत समोर बसून त्याच्या पातेल्यातली पेज खात होता. तारीने त्याला कसलंच नाव ठेवलं नव्हतं. "ये रे" म्हटलं की तो यायचा. सातही वर्षं तो त्या दोन अक्षरांवर आला.

मी त्याला परत नेऊ शकलो असतो. तारी स्वतःच म्हणाला, "तुमचो आसा, घेवन जावा." मी साखळी हातात घेतली, मग तिथेच ठेवली आणि मोठ्या मनाने म्हणालो, "असू दे तुझ्याकडे." गावाने माझं कौतुक केलं. कुत्रा माझ्याबरोबर येणार नाही आणि सगळ्यांसमोर हसं होईल, ही भीती मी कोणाला सांगितली नाही.

मग सुरू झाले माझे हाल. होडीत बारा माणसं मावत. तारी कुत्र्याला दोन माणसं धरायचा आणि मगच खेप भरायचा. किती वेळा तरी मी, शाळेचा मास्तर, छत्री घेऊन काठावर उभा आणि माझ्या जागेवर तो राजेशाही बसून पलीकडे चाललेला. "दोन माणसां झाली, गुरुजी. पुढच्या खेपेक येवा." सुगीला बायका तरीच्या भाताबरोबर ओंजळभर कण्या वेगळ्या द्यायला लागल्या, कुत्र्यासाठी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रापण, सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. रापणीचा दोर ओढणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, हा किनाऱ्यावरचा कायदा. तारी दोराला लागला की कुत्रा दोराचं टोक दातांत धरून मागे सरायचा. रापणकरांनी पहिल्यांदा थट्टेने एक वाटा बाजूला काढला, आणि मग तो कायमचाच झाला. 'कुत्र्याचो वाटो'. मी इतकी वर्षं या लोकांची पत्रं वाचली, अर्ज लिहिले. मला कोणी वाटा काढला नाही. एका कुत्र्याचा आणि एका अडाणी माणसाचा मला एवढा मत्सर वाटावा याची लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून मत्सर कमी होत नसे.

कुत्र्याची कीर्ती पसरली. एकदा देवगडहून एक आंबेवाले शेट आले. त्यांना बागेला राखण म्हणून मुंबईहून असंच पिल्लू मागवायचं होतं. विचारायला आले ते माझ्याकडे नाही, तारीकडे. मी होडीतच होतो, कान देऊन.

"तो राखण करुचो नाय," तारी म्हणाला. "तोच राखूक होयो. उन्हाळ्यात सावळी आसा? निजाक मऊ जागा आसा? नायतर कोपरां सोलतत. घरकारणीन होय म्हटल्यान?"

"तिका काय विचारुचा?" शेट म्हणाले.

"पेज तीच घालतली मा! आणि आजारी पडलो तर डाक्टराकडे कशार घालून व्हरशात?" आणि मग हात पुढे. "शेट, उचलशात?"

शेट मर्द गडी. धोतर खोचून पुढे झाले. त्यांनी कुत्र्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि जोर लावला. कुत्रा सभ्यपणे उभा राहिला, शेट मात्र ओहोटीच्या चिखलात बसले. लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. माझी जागा शेटच्या शेजारी होती हे मला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात मी एक नीच काम केलं. पुन्हा दोन खेपा थांबावं लागलं होतं, शाळेला उशीर झाला होता. होडी मध्यावर आल्यावर मी अगदी पुस्तकी आवाजात म्हणालो, "असली कुत्री फार जगत नाहीत, बरं का. सात-आठ वर्षं. छापलेलं आहे."

तारीने वल्हं थांबवलं. "खरा?"

"पुस्तकात आहे."

बाण बरोबर लागला असं मला वाटलं. त्याने कुत्र्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा सैल झाला.

"बरा केलात, सांगलात ता. माका रोज तीच काळजी. मी साठीचो. मी मेल्यार ह्येका कोण उचलतलो? आता तो आधी जातलो. मी तेका पोचवीन, आणि मगे माजा काय ता होव दे."

आणि तो वल्हवायला लागला, नेहमीपेक्षा हलक्या हाताने. मी मान खाली घालून बसलो. माझ्या कुत्सितपणानेही त्याचं बरंच केलं होतं. अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

सहाव्या वर्षी कुत्र्याचे मागचे पाय गेले. उठता येईना. तेव्हापासून रोज सकाळी तारी त्याला उचलून होडीत बसवायचा आणि शेवटच्या खेपेनंतर उचलून खोपीत न्यायचा. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मागून. मी रोज बघायचो. आता तरी तो कंटाळेल, असं वाटायचं. तो कंटाळला नाही.

सातव्या वर्षी पौषात तारीनेच अंथरूण धरलं. छातीत कफ भरला होता. शिरोड्याहून त्याचा पुतण्या येऊन तर सांभाळू लागला. रविवारी दुपारी मी खोपीत गेलो. तारी बाजेवर होता, कुत्रा दाराशी. दोघांचे श्वास सारखेच वाजत होते.

"तुमचा पुस्तक चुकला, गुरुजी," तो म्हणाला. "ह्यो हयच आसा. मीच चललंय."

मी काहीतरी बोललो. बरा होशील, डॉक्टरांना बोलावू, कुत्र्याचंही बघू काय करता येईल ते. मास्तर लोक बोलतात तसं.

त्याने ऐकून घेतलं. मग गोधडीतून दोन्ही हात बाहेर काढले, तळवे वर. तो ते खाली घेईना.

"गुरुजी, उचलशात?"

इतकी वर्षं मी त्याच्याशी शाळेतल्या मराठीत बोललो होतो. मुद्दामच. त्या दिवशी तोंडातून घरची बोली निघाली. "उचलतलंय," मी म्हटलं. त्याने हात खाली ठेवले.

तिसऱ्या दिवशी तो गेला. सगळं आटोपून मी धक्क्यावर आलो तेव्हा उन्हं उतरत होती. कुत्रा खोपीच्या दाराशी तसाच पडला होता, तोंड होडीकडे. मी "ऐरावत" म्हटलं नाही. "ये रे" म्हणायचा धीर झाला नाही. नुसता वाकलो.

हात कुठे घालायचे ते मला शिकावं लागलं नाही. हेव्याने का होईना, मी सात वर्षं बघत होतो. एक छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मागून. तो सुकला होता, तरी जड होता. धक्क्यापासून घरापर्यंतच्या चढावर मला दोनदा थांबावं लागलं. वर बायकोने दाराच्या दोन्ही फळ्या उघडून ठेवल्या होत्या आणि ओटीवर गवत पसरलं होतं.

त्याने मान माझ्या खांद्यावर टाकली होती. मला बरं वाटलं, शेवटी हा माझा झाला असं वाटलं. मग मी मान वळवून पाहिलं. मी घराकडे तोंड करून चाललो होतो आणि तो माझ्या खांद्यावरून मागे, रिकाम्या होडीकडे बघत होता.