चाकांवरच्या घराचं दार

गेल्या चैत्रात मी एका माणसाचा दात पाडला. माणूस माझ्याच वयाचा, पन्नाशीचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याचं माझं काही वैर नव्हतं. पुण्याकडच्या ज्या कंपनीनं आमची गाडी बनवली होती, तिनं ती तपासायला त्याला धाराशिवला पाठवलं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो आणि भांडणाऱ्या पोरांना रागावर ताबा ठेवा म्हणून सांगतो. तरी हात उचलला. का, ते सांगायचं तर आबांपासून सुरुवात करावी लागेल.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. पावसाळा सरला की वाडा हलायचा. आमच्यात वाडा म्हणजे दगडमातीचं घर नव्हे. मेंढरं, घोडी, कोंबड्या, बायकापोरं असा सगळा फिरता तळ. भिंत काय ती एकच, वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. माणसं उघड्यावर. त्यात आबांचा हात फार लवकर उठायचा. लांडग्यानं एक कोकरू नेलं म्हणून त्यांनी मला काठीनं असं झोडपलं होतं की चार दिवस पाठ टेकता आली नाही. मार आमच्या घरात पिढीजात आहे. मी फक्त तो शहरात आणला.

आई गेली, मेंढरं विकली, आबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हा मी त्यांना धाराशिवच्या फ्लॅटवर आणलं. "भिंती अंगावर येत्यात रं," ते म्हणायचे आणि पाय ओढत निघून जायचे. दोनदा लोकांनी त्यांना बायपासवरून घरी आणून सोडलं. दुसऱ्या वेळी तर ट्रक इतका जवळून गेला होता की त्यांचा पटका उडून पडला. बायको शाळेत शिक्षिका, मी कॉलेजात. दिवसभर घरात कुणी नाही. मग मी एक काम केलं. जाताना बाहेरून कडी घालायला लागलो.

दहा-बारा दिवस हे चाललं. शेवटच्या दिवशी परत आलो तर आबांनी काठीनं सगळ्या खिडक्यांच्या काचा फोडलेल्या, हात चिरलेले, सतरंजीवर रक्त. मला वाटलं, आता ही काठी माझ्या डोक्यात बसणार, आणि बसायलाच पाहिजे होती. पण ते कोपऱ्यात सरकले आणि उजव्या हातानं डावा उचलून, हात जोडून म्हणाले, "न्हाय जात कुठं. कडी नगू लावू." ज्या बापाच्या नुसत्या खाकरण्यानं माझी चड्डी ओली व्हायची, तो माझ्यापुढं हात जोडत होता. मी माझ्या थोबाडात मारून घेतलं, खरोखर, दोन वेळा, बायकोसमोर. आणि आबांच्या पायाला हात लावून शब्द दिला की पुन्हा कधी कोंडणार नाही.

त्या शब्दापायी ही गाडी आली. लांबलचक व्हॅन, पुढं ड्रायव्हरची केबिन, मागं पलंग, शेगडी, फ्रिज, एसी, कोपऱ्यात एवढंसं न्हाणीघर. मधे फळीची भिंत आणि बोलण्यापुरती काचेची झडप. बाजूला बटणावर सरकणारं दार. लोक असल्या गाड्या गोव्याला हिंडायला घेतात. मी घेतली ती बापाला माळावर झोपवायला. सुट्टी आली की आम्ही येडशीच्या डोंगराकडं जायचो, दार सताड उघडं टाकायचो, आणि आबा दाराकडं तोंड करून पडायचे. एरवी दिवसा गाडी बिल्डिंगच्या आवारात उभी, दार उघडं, आबा आत आणि वॉचमनची त्यांच्यावर नजर. "हा तर चाकावरचा वाडा," ते म्हणाले. चार महिन्यांत त्यांच्या अंगावर मांस आलं. शिव्यासुद्धा परत आल्या.

गाडीचं मात्र रोज एक नवं. आधी नळाचा पंप मेला, मग फ्रिज गरम हवा सोडायला लागला, मग पावसात छत गळलं. कंपनीच्या एक बाई फोन करून विचारायच्या, "सर, आमच्या गाडीबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच." मी पहिल्यांदा पाच सांगितले, मग तीन, मग एक, आणि एकदा तर आईवरून शिवी दिली. त्या म्हणाल्या, "आपली तक्रार नोंदवली आहे, सर." गोड बोलणाऱ्याशी भांडता येत नाही, ही माझी जुनी अडचण. फोन भिंतीवर आपटला. फोन फुटला, भिंतीला काही झालं नाही.

आता आमची चूक सांगतो. नव्या गाडीचा नारळ चाकापुढं फोडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तुळजापूरला पूजेला नेली तेव्हा बायको म्हणाली, "पलंग आहे, चूल आहे, दाराला उंबरा आहे. हे घर आहे. घराचा नारळ उंबऱ्यावर वाढवायचा." मला ते पटलं. मी दाराच्या पत्र्याच्या उंबऱ्यावर नारळ असा आपटला की पाणी माझ्या तोंडावर उडालं. आबांनी मांडीवर थाप मारली. मग दर अमावास्येला उंबऱ्यावर नारळ आणि दर शुक्रवारी हळदकुंकवाचं पाणी. त्या उंबऱ्याखाली दाराची मोटर आणि कुलूप चालवणारी पेटी होती. आम्ही कधी वाकून पाहिलं नाही.

चैत्रात आबांनी हट्ट धरला, सोनारीला काळभैरवाला जायचं. एवढी एक जत्रा करून द्या म्हणाले. मी चालवत होतो, बायको शेजारी, आबा मागं पलंगावर. भूम ओलांडलं, परंड्याच्या रस्त्याला लागलो, ऊन माथ्यावर आलं. मधल्या झडपेवर ठकठक झाली. "गरम हुतंय," आबा म्हणाले. एसी बंद पडला होता. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, दाराचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. किल्लीनं फिरवलं, लाथ घातली. दार जागचं हललं नाही.

मागच्या दाराला कंपनीनं आतून फ्रिज आणि कपाट ठोकून ठेवलेलं, ते उघडायचा प्रश्नच नव्हता. खिडक्या न उघडणाऱ्या. गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं, संकटकाळी गादीखालची लाल दोरी ओढा, दार सुटेल. झडपेतून मी ओरडलो, "आबा, गादी उचला, लाल दोरी ओढा!" त्यांनी एका हातानं गादी उपसली, दोरी ओढली, आणि ती सगळीच्या सगळी त्यांच्या हातात आली. ते दोरी हातात धरून माझ्याकडं बघत राहिले.

कंपनीला फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. मग एक पोरगा म्हणाला, "सर, गाडी एकदा बंद करून सुरू करून बघा." मी केली. "आपली तक्रार नोंदवली आहे, अठ्ठेचाळीस तासांत आमचा माणूस येईल." "अरे माझा बाप आत भाजतोय!" मी किंचाळलो. तो म्हणाला, "मी समजू शकतो, सर."

मी सीटखालून चाकाचा पाना काढला आणि खिडकीवर घातला. ती काच नव्हतीच, जाड प्लास्टिक. पाना उसळून माझ्याच कपाळावर बसला, डोळ्यात रक्त उतरलं. झडप चार बोटं रुंदीची, ती फोडून काढली, पण तिच्यातून डोकंही जाईना. बायको बाटलीतलं पाणी तिथून आत ओतत होती. आत आबा काठीनं दार बडवत होते. आणि मग बडवणं थांबलं आणि ते बोलायला लागले. आधी मला नीट कळलं नाही. मग कळलं.

"न्हाय जात रं कुठं. काढ की कडी. पाया पडतू तुझ्या."

त्यांना वाटत होतं मी कोंडलंय. मी झडपेला तोंड लावून ओरडत होतो, "आबा, मी नाही लावलं, बिघडलंय ते!" ते ऐकतच नव्हते. पाया पडतू, पाया पडतू, एवढंच. मी दारावर डोकं आपटलं, मुठी मारल्या, बोटाचं हाड मोडलं ते मला संध्याकाळी कळलं.

शेजारच्या रानात तिघं-चौघं ट्रॅक्टरवर कडबा भरत होते. ते आरडाओरडा ऐकून पळत आले. एकाकडं कुऱ्हाड, एकानं पहार आणली. "सरका पाव्हणं," एक जण म्हणाला आणि त्यानं गाडीच्या कुशीत कुऱ्हाड घातली. पत्रा फाटताना बकऱ्यासारखा ओरडत होता. पहार घालून, लाथा मारून, चौघांनी ते दार उपटून रस्त्यावर फेकलं. आबा उंबऱ्यापाशी पडले होते, ओठ पांढरे, हात रक्तानं भरलेले. ज्वारीच्या फडातल्या घागरीचं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मला पाहून अंग चोरलं.

जत्रा राहिली. दवाखाना झाला. आबांनी फ्लॅटची पायरी चढायला नकार दिला, तेव्हा बिल्डिंगच्या आवारात लिंबाखाली बाज टाकून दिली. समोरच ती फाडलेली गाडी. मी दोन दिवस त्यांना एकच गोष्ट समजावत होतो, दार आपोआप बंद पडलं, मी शब्द मोडलेला नाही. ते मान हलवायचे. "बरं," म्हणायचे. पोलिसाला म्हणावं तसं बरं.

म्हणून मी कंपनीच्या माणसाची देवासारखी वाट पाहत होतो. मला पैसे नको होते, नवी गाडी नको होती. त्यानं आबांसमोर एवढंच म्हणायला हवं होतं की बिघाड गाडीचा आहे.

तो निळ्या शर्टाचा माणूस आला, उताणा पडून उंबऱ्याखाली शिरला, पेटी उघडली. आत खोबऱ्याचे सडके तुकडे, कुंकवाचा चिखल, मुंग्या, हिरव्या पडलेल्या तारा. त्यानं ते सगळं हातावर घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. आबा चार हातांवर बसले होते.

"सर, हे दार तुमच्यामुळं बंद झालं," तो म्हणाला. "हे तुम्हीच केलंय."

आबा हळूच म्हणाले, "बघ. त्यो बी तेच म्हंतुय."

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. त्याची कॉलर माझ्या हातात होती. पहिला ठोसा तोंडावर, दुसरा कानावर. तो "सर, सर" म्हणत होता. मी त्याला गाडीच्या पत्र्यावर आपटलं आणि ओरडलो, "सांग त्यांना! सांग, मी नाही कोंडलं!" मोडलेल्या बोटातून कळ डोक्यापर्यंत जात होती आणि ती कळ मला बरी वाटत होती, हेही लिहून ठेवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी स्वतःच्या हातानं केलं. बायकोनं आणि वॉचमननं मला ओढून मागं नेलं. तो खाली बसला, थुंकला, धुळीत दात पडला.

बायकोनं त्याला पाणी दिलं. त्यानं चूळ भरली, आणि मला वाटलं आता हा पोलिसात जाणार. पण तो उठून गाडीत चढला. गादी उचलली, ती लाल दोरी शोधली, तिचं दुसरं टोक जिथं अडकवायचं तो हुक शोधला. हुकावर कारखान्याचं प्लास्टिक तसंच होतं. दोरी कधी जोडलीच नव्हती. तो खाली उतरला. "नारळाच्या पाण्यानं मोटर जाते, ते खरंय," तो मला म्हणाला, "पण ही ओढल्यावर दार उघडायलाच पाहिजे होतं. हे आमचं आहे. मी तसं लिहून देतो."

मग तो आपण होऊन आबांसमोर उकिडवा बसला. ओठ सुजलेला, हनुवटीवर रक्त. "बाबा, तुमच्या मुलानं तुम्हाला कोंडलं नव्हतं. चूक आमची होती."

जे एक वाक्य मला हवं होतं, ते त्यानं जसंच्या तसं उच्चारलं. खरं होतं ते. आबांनी पटक्याचं टोक सोडवलं, उजव्या हातानं त्याची हनुवटी पुसली.

"व्हय बाबा, व्हय," ते त्याला म्हणाले. "एवढा मार खाल्ल्यावर मी बी तेच म्हणलो असतो."

आणि मग माझ्याकडं न बघता मला म्हणाले, "जाऊ दे रं ह्याला घरी. ह्याला तरी कोंडून ठिवू नगू."