दातपाडीच्या उताराचं आभारप्रदर्शन

यवतमाळकडच्या दारव्ह्यात कार्यक्रम कुठलाही असो, रक्तदानाचा असो की हळदीकुंकवाचा, शेवटी आभार मानायला मला उभं करतात. प्रास्ताविकाला शिकलेला माणूस लागतो, सूत्रसंचालनाला गोड गळा लागतो, अध्यक्षपदाला पोट लागतं. आभाराला मात्र परका माणूस बरा पडतो. त्याचं गावात कुणाशी भावकीचं भांडण नसतं, आणि एखादं नाव त्याच्याकडून राहिलं तर त्याच्यावर मोकळ्या मनानं रागावता येतं.

मी समुद्राकडचा. आठवीत शाळा सोडली आणि गावातल्या एका आंबेवाल्याच्या ट्रकमध्ये, पेट्यांच्या शेजारी पेटीसारखाच बसून इकडे आलो. आंबे संपले, ट्रक परत गेला, मी राहिलो. ज्या मावशींच्या घरी आजही भाड्यानं राहतो, त्यांनी तेव्हा आडनाव विचारायच्या आधी ‘जेवला का रे?’ असं विचारलं होतं. पुढे सायकल दुरुस्तीचं काम शिकलो. दुकानासाठी गाळा कुणी देईना, तेव्हा भाऊंनी दिला. त्यामुळे मी या गावात कायम थोडा वाकून चालतो. कुणाचे आभार मानायचे राहिले तर नाहीत ना, ही धास्ती मला झोपेतसुद्धा सोडत नाही.

भाऊ म्हणजे गावातले ले-आउटवाले, शेतं घेऊन प्लॉट पाडून विकणारे. कुठलंही वावर दिसलं की त्यांना त्यात आधी कमान दिसते, मग रस्ते, मग नारळ फोडणारा एखादा पुढारी. उभी कपाशीची पऱ्हाटी दिसतच नाही. त्यांच्या वसाहतींची नावं ते मनापासून निवडतात. आमराई तोडली तिथे ‘आम्रकुंज’ केलं, नाला बुजवला तिथे ‘निर्झर’. जे मारलं त्याचं नाव कमानीवर कोरायचं. याला श्रद्धांजली म्हणावं की जाहिरात, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गावाबाहेर मुरमाची एक टेकडी आहे. बोरी, पळस, हिवर आणि मध्येच एखादं सागाचं झाड. गुरं आणि सरपणवाल्या बायका जाऊन जाऊन तिच्यावर वाट पडली होती. गावात गिअरच्या सायकली आल्या तशी काही मंडळी रविवारी त्या वाटेवर जायला लागली. दर हिवाळ्यात आम्ही सगळे मिळून काटे छाटायचो, वळणाला दगड रचायचो, पावसाचं पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून बाजूला चर काढायचो. जागा आमची आहे का, हे कुणी विचारलं नाही. गुरांनी कुठे विचारलं होतं? माथ्यावरून वाट सुटायची ती पळसांमधून एकदम खाली नाल्यात. त्या शेवटच्या उताराचं नाव दातपाडी. आमच्या सायकल मंडळाचे अध्यक्ष हायस्कुलात भूगोल शिकवतात, त्यांचा पुढचा दात तिथे पडला. उताराचं नाव पडलं तेव्हा सर रागावले होते. आता नवीन पोरांना ते स्वतः ती जागा दाखवतात, स्मारक दाखवावं तशी.

मला ती वाट का लागते, हे सांगतो. उतारावर हँडल सांभाळताना दुसरं काही सुचत नाही. आठवड्यातला तेवढा वेळ मी कुणाचा मिंधा नसतो.

तर ती टेकडी भाऊंनी घेतली. आम्हाला कळलं ते चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब दिसले तेव्हा. पायथ्याशी फलक लागला, ‘टेकडी दर्शन’. टेकडी काढल्यावर दर्शन कशाचं होणार, असं मावशींच्या मुलीनं विचारलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी तिला ताई म्हणतो, आणि आमच्यात सगळ्यात आधी दातपाडी न पडता उतरली ती तीच.

मंडळाची बैठक माझ्या दुकानात झाली. टेकडी वाचवायची, त्यासाठी सायकल रॅली काढायची, मोठा कार्यक्रम करायचा, असं एकमतानं ठरलं. मग प्रश्न आला टी-शर्ट, मांडव आणि लाऊडस्पीकरचा.

“भाऊले सांगू,” सर म्हणाले. “भाऊ कवाच नाई म्हनत नाईत.”

ताई पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाली, “सर, आपन टेकडी कोनापासून वाचवून राह्यलो?”

ट्यूबमधून हवा जाते तसा कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

“थे वेगळं,” सर म्हणाले. “थो भाऊचा धंदा हाय. हे सामाजिक काम हाय.”

“मंग मुख्य पाहुनाबी त्याहिलेच करा ना.”

ती टोमणा मारत होती. सरांनी वहीत लिहून घेतलं.

बाहेरच्या वाचकाला हे खोटं वाटेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे गणपतीला, जयंतीला, क्रिकेटच्या सामन्याला, शाळेच्या निरोप समारंभाला मांडव भाऊंचाच असतो. भाऊंना वगळून कार्यक्रम करायचा तर मांडववाला कुठला आणायचा, हेच कुणाला ठाऊक नाही. ज्याच्याविरुद्ध कार्यक्रम, त्यालाच बोलावलं नाही तर तो नाराज होईल, ही काळजी इथे खरोखर केली जाते. सगळ्यात जास्त मी केली. गाळा त्यांचा.

रॅलीच्या सकाळी टी-शर्ट वाटले. पुढे ‘टेकडी वाचवा’, पाठीवर ‘टेकडी दर्शन: आजच प्लॉट बुक करा’. येताना माणूस आंदोलक आणि जाताना दलाल. ताईनं टी-शर्ट उलटा करून घातला, तर शिवण बाहेर आली आणि म्हाताऱ्या बाया तिला थांबवून सांगू लागल्या. फ्लेक्सवर भाऊंचा फोटो एवढा मोठा होता की मागे छापलेल्या टेकडीचा फक्त शेंडा त्यांच्या डोक्यावर टोपीसारखा दिसत होता.

रॅली झाली, तर्री-पोहे झाले, शाल-श्रीफळ झालं. सरांनी भाषणात निसर्ग, आरोग्य, पाणीपातळी असं सगळं घेतलं. टेकडी तेवढी घेतली नाही. मग भाऊ उठले.

“तुमी सायकलवाले माह्या घरचे लोक,” ते म्हणाले. “तुमची वाट मी मोडीन का? थ्या खड्ड्याखुड्ड्यात तुमी हातपाय मोडून घेता. सरचा तं दात गेला. म्हनून टेकडी लेवल झाली का मी तुमाले पक्का ट्रॅक बांधून देतो. सरळ. पेव्हिंग ब्लॉकचा. लाईट लावून. लहान लेकरूबी चालवन आन म्हातारंबी फिरन!”

टाळ्या पडल्या. सरांनी पहिली वाजवली. माझेही हात उठले होते, हे कबूल करतो. हातांना सवय असते. ताई तेवढी हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होती, रोग्यानं गोळी घेतली का थुंकली हे बघावं तसं.

आणि सूत्रसंचालकानं आभारासाठी माझं नाव पुकारलं.

परक्या गावात राहताना मी एक रीत शिकलो होतो. मागायची हिंमत नसली की आधी आभार मानून टाकायचे. ‘काकू, तुम्ही पाणी भरू देता, उपकार आहेत’ असं म्हटलं की न दिलेलं पाणीसुद्धा मिळतं. आभार घेतलेला माणूस मग मागे कसा जाणार? मी असे हंडे भरले होते. त्या दिवशी माइक हातात आला तेव्हा असं काही मनात होतं का, खरंच सांगता येत नाही. माइक दोन्ही हातांनी धरला होता, एवढं आठवतं.

मी मांडववाल्याचे आभार मानले. लाऊडस्पीकरवाल्याचे, पोह्यांवर तर्री सढळ हातानं घालणाऱ्याचे, बंदोबस्ताला आलेल्या पोलिसदादांचे मानले. आणि म्हणालो, “आणि सगळ्यात मोठे आभार भाऊंचे. पक्का ट्रॅक तर ते देतायतच. पण दातपाडीचा उतार, माथ्याच्या पळसापासून खाली नाल्यापर्यंत, झाडं आणि दगडांसकट आहे तसाच ठेवायचं भाऊंनी मान्य केलं, याबद्दल सायकल मंडळ त्यांचं जन्मभर ऋणी राहील.”

मग ताईनं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की मंचावरचे पाहुणे दचकले. पोरांनी टाळ्यांचा गडगडाट केला. समोर फोनचे कॅमेरे वर गेले. आणि भाऊ? टाळ्यांचा आवाज आला की पुढाऱ्याच्या वळणाच्या माणसाचे हात आपोआप जुळतात. भाऊ खुर्चीतून अर्धे उठले, हात जोडले आणि डावीकडे, उजवीकडे, समोर असा तिन्ही बाजूंना नमस्कार केला. चेहऱ्यावर समज यायला वेळ लागला. तोवर तो नमस्कार गावातल्या सगळ्या फोनवर पोहोचला होता.

घरी आलो तेव्हा जेवण गेलं नाही. मावशी म्हणाल्या, “काहून रे, आता कायले भेवून राह्यला? बोलाच्या आंधी भ्याचं होतं.”

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आले. मी चाकाचे आरे ताणत होतो. त्यांनी स्टूल ओढलं.

“काहून रे, मी कवा कबूल झालतो?”

“तुम्ही हात जोडले, भाऊ.”

“हात तं मी मयतीतबी जोडतो!” ते ओरडले. “म्हनून का मेला तो मान्य हाय मले?”

मी आऱ्याची चावी उगीच फिरवत राहिलो. ते चाक नंतर मला पुन्हा सगळं बांधावं लागलं.

“गाळा कोनाचा हाय?”

“तुमचा.”

“ध्यानात ठेवजो.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. यवतमाळहून कुणी मोठा माणूस बोलत होता. भाऊंचा आवाज एकदम मऊ झाला. “हो ना साहेब... नाही नाही, कर्तव्यच आहे ते... निसर्ग राहिला तर आपण राहू साहेब...” असं बरंच चाललं. फोन त्यांनी खिशात ठेवला. मग म्हणाले, “नेरवरूनबी फोन आलता. पेपरवाल्यानं तं फोटो मांगतला.” आणि उठून गेले. रागावलेत की खूश आहेत, ते त्यांनाही कळत नसावं.

निकाल असा लागला. माथा गेला. जेसीबीनं त्याची पोळी लाटली. तिथे आता सरळ पेव्हिंग ब्लॉकचा ट्रॅक आहे, लाईटसकट, आणि त्यावर लोक सोयाबीन वाळवतात. सायकल नेली तर बाया काठी घेऊन धावतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. खालचा दातपाडीचा उतार मात्र राहिला. तिथे तसेही प्लॉट पडले नसते, असं काही जण म्हणतात. सर भाषणात म्हणतात की मंडळाच्या लढ्याला यश आलं. उताराच्या तोंडाशी फलक लागला आहे, ‘भाऊंच्या सौजन्याने नैसर्गिक वाट’, सोबत हात जोडलेला तोच फोटो.

पण सौजन्य म्हणजे काही लेखी नव्हे. भाऊंनी उद्या ती पट्टी दुसऱ्या कुणाला विकली, तर त्या माणसानं तर हात जोडलेले नाहीत. ही काळजी मला खात होती. ताई म्हणाली, “आभार पुरे झाले आता. लिहून मांग.”

“मी?”

“मंग का गुरं मांगतीन?”

भाऊंच्या ऑफिसात गेलो. त्यांनी ‘बस’ म्हटलं तरी बसलो नाही, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा आला असता तर मी आभार मानून परत आलो असतो. उभ्याउभ्याच म्हणालो, “भाऊ, उतार आहे तसा ठेवाल, विकला तरी वाट सोडाल, असं लिहून द्या. रजिस्टर करून.”

भाऊ हसले. मग हसले नाहीत. “कुठून कुठवर हाय थे, मले तरी कुठं मालूम,” ते म्हणाले. “चाल, दाखव.”

ज्या टेकडीचे त्यांनी नकाशे काढले, जी विकली, तिच्यावर ते पायी कधी गेलेच नव्हते. पांढरे कपडे आणि चामडी चप्पल घालून ते माझ्या खांद्याला धरून दातपाडी उतरले. दोनदा बसले, एकदा बोरीला सदरा अडकला. मी पळस दाखवले, आम्ही रचलेले दगड दाखवले, पाण्यासाठी काढलेला चर दाखवला. खाली नाल्याशी पोहोचल्यावर ते धापा टाकत उभे राहिले. वर बघितलं. मला वाटलं, आता बहुतेक दिसलं यांना.

“अठी एक पूल टाकला तं?” ते म्हणाले. “रेलिंगवाला. कमान पन होईन.”

“नको, भाऊ.”

माझा आवाज मला ओळखू आला नाही. भाऊंनीही वळून बघितलं. इतक्या वर्षांत मी या गावात कुणाला ‘नको’ म्हणाल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं, मीही नाही. त्यापुढे काही गोड जोडावं असं जिभेवर येत होतं. ते गिळलं आणि पुन्हा एकदा म्हणालो, नको. फक्त लिहून द्या.

त्यांनी चप्पल झटकली. “सोमवारी ये,” म्हणाले.

सोमवारी जाणार आहे. ताई सोबत येते म्हणाली आहे.