हात वर करणारी सचिवबाई

आमची सचिवबाई बोलण्याआधी हात वर करायची. पाळणाघराच्या समितीत आम्ही पाच बायका, पुढच्या खोलीत एकाच सतरंजीवर बसलेल्या, तरी हिचा हात वर. मी म्हणायचे, “काहून वं, शाळेत आहे का तू?” ती म्हणायची, “एकीचं बोलून झालं का मगच दुसरीनं बोलाचं, अध्यक्षबाई.” हे तिला मोबाइलवरच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. तो हात पाहिला की माझं डोकं तापायचं. हात वर गेला की सगळ्या तिच्याकडे बघायच्या. आधी माझ्याकडे बघायच्या.

प्रताप नगरातलं हे पाळणाघर मी सुरू केलं. मिहानच्या कंपन्यांत नोकरीला जाणाऱ्या पोरींची लेकरं मी सांभाळली, तेव्हा समिती वगैरे काही नव्हती. मी चौथी शिकलेली. ती सातवी, कामठीच्या विणकराची मुलगी. शिकलेली मॅडम असती तर मला काही वाटलं नसतं. ती आमच्यातलीच होती, हेच खुपायचं.

समित्यांनी कारभार कसा करावा, याचं ते प्रशिक्षण आठवडाभर होतं, दुपारी लेकरं झोपली की. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनं मला विचारलं, “अध्यक्षांचं काम काय?” मी म्हटलं, “लक्ष ठेवणं.” “कशावर?” मी फोन बंद केला आणि डोळे दुखतात म्हणून सांगितलं. सचिवबाई शेवटपर्यंत बसली. तांदळाच्या डब्याला फोन टेकवायची आणि वहीत लिहीत राहायची. ती वही मी एकदा चोरून पाहिली. अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं. बरं वाटलं.

आमच्यात एक पद्धत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साऱ्या जमतात, म्हणून वर्षभराच्या सभांच्या कोऱ्या पानांवर तेव्हाच सह्या घ्यायच्या. मजकूर मी नंतर माझ्या सवडीने लिहायचे. त्या वर्षी तिळगूळ तोंडात असतानाच तिनं हात वर केला.

“कोऱ्या पानावर मी सही नाही करत.”

“माझ्यावर भरोसा नाही का तुले?”

“तुमच्यावर आहे. कोऱ्या पानावर नाही.”

बाकीच्या तिघींनीही पेन खाली ठेवलं. गोड बोलायचा दिवस तो. मी तिच्याशी दोन महिने बोलले नाही.

मग तिनं आमचीच जुनी नियमावली काढली. मीच सही केलेली, कोणी न वाचलेली. त्यात लिहिलं होतं, एका बाईला दोनदाच अध्यक्ष होता येतं. माझी कितवी वेळ होती, मलाही आठवत नव्हतं.

“सरळ सांग ना, खुर्ची पायजे तुले!”

“मले नाही पायजे. मी उभीच नाही राहत.”

आणि खरंच राहिली नाही. खुर्ची हिसकावली असती तर मला भांडता आलं असतं. पाळणाघरातल्याच एका लेकराची आई अध्यक्ष झाली. माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, साऱ्या घरी गेल्या. नंतरही लेकराला ताप आला, सांभाळणाऱ्या बाईनं रजा घेतली, कुणाचं कुणाशी वाजलं, की लेकरांच्या आया सचिवबाईला फोन करायच्या. ती आधी पूर्ण ऐकून घ्यायची. मी अर्ध्यातच उत्तर द्यायचे. हे मला कळत होतं, पण सवय काही मोडली नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या मुलाची बदली हैदराबादला झाली आणि ती त्याच्याबरोबर गेली. निरोपाच्या दिवशी मिहानच्या पोरी अर्धी रजा टाकून आल्या. रडल्या. लेकरं तिच्या पदराला लोंबकळत होती. मी पेढ्याचा डबा फिरवत होते.

ती ऑटोत बसून गेली. फाटकाशी मी आणि मिहानला जाणारी एक पोरगी मागे राहिलो. तिच्या दोन्ही लेकरांना मी मांडीवर घेऊन भरवलेलं. डोळे पुसत ती मला म्हणाली, “काकू, आता आम्ही कोणाले विचाराचं?”

मी तिच्यासमोरच उभी होते.