डॉक्टरांचा ‘डॅपल्ड’

जनावरांच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. माणसं गाय-घोडं घेऊन येतात, पाळी येईपर्यंत लिंबाखाली बसतात आणि जाताना काहीतरी बोलून जातात. स्वातंत्र्यानंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत मी इंदापूरच्या अशाच दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो. तेव्हाचं इतकं साठलंय, की कुठून सुरू करावं कळत नाही. आज एका इंग्रजी शब्दाचंच सांगतो.

*

शब्द आणला आमच्या नव्या डॉक्टरांनी. मुंबईत शिकलेले, बोलायला मऊ. सुखदेव तात्या म्हणून एक मेंढपाळ होते. ते आपली करडी घोडी घेऊन आले. डॉक्टर तिच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाले, "वा, डॅपल्ड."

तात्या घाबरले. "बरा हुतो का त्यो?"

"रोग नाही तात्या. अंगावर हे फिकट गोल ठिपके आहेत ना, त्याला म्हणतात."

"मग अबलख म्हना की."

"अबलख म्हणजे काळ्या-पांढऱ्याचे मोठे पट्टे. हे तसं नाही. झाडाखाली ऊन सांडतं ना, तसं."

तात्यांनी वर लिंबाकडं पाहिलं, मग घोडीकडं. वारा आला, ऊन हललं. 

*

शब्द तालुकाभर फिरला. निमगाव केतकीच्या बाजारात एकजण ओरडत होता, "ड्यापल शेळी घ्या, ड्यापल शेळी." शेळी कोळशासारखी काळी, गाभण.

मी विचारलं, "ठिपके कुठायत?"

म्हणाला, "पोटातलं ड्यापल हाय."

*

डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, चुलीवरची भाकरी नव्यानं शिकत होत्या. डॉक्टर जेवताना म्हणाले, "आज भाकरी डॅपल्ड आहे." 

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यात आले ते पांढऱ्या शर्टावर निळीचे गोल डाग घेऊन. मी बघतोय म्हटल्यावर हळूच म्हणाले, "अर्थ बरोबर कळलाय तिला."

*

एके वर्षी तात्या घाईघाईनं आले. घोडीचे ठिपके पुसट होत चालले होते. डॉक्टरांनी ताप बघितला, दात बघितले. "वय झालं तिचं. करडी घोडी म्हातारपणी पांढरी होत जाते. ठिपके आता जाणारच."

"दुखतं का तिला?"

"नाही."

"मग जाऊ द्या," तात्या म्हणाले आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले.

*

तात्यांची मुलगी हिरा. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, त्याचे वण चेहरा भरून राहिलेले. दोन स्थळं वण बघून परत गेली होती. तिसरं नरसिंहपूरचं. तात्यांनी डॉक्टरांना आणि मला मुद्दाम बोलावून घेतलं. चार शहाणी माणसं जवळ असावीत म्हणून.

दुपार कलली होती. हिरा दाराच्या सावलीत बसली. मुलाची आत्या म्हणाली, "जरा उजेडात ये, बाई." ती पुढं सरकली. आत्यानं निरखून पाहिलं. "हे तोंडावर काय?"

 तात्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांना शब्द सुचला नाही. त्यांनी मान खाली घातली.

हिराच बोलली. "देवी आल्या हुत्या. माझ्या बहिनीलाबी आल्या. ती गेली. मी ऱ्हायले."

  मुलानं विचारलं, "पवता येतं का? आमचं रान नदीपल्याड हाय. रोज नावंनं जावं लागतं."

"येतं," हिरा म्हणाली. मग तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं. "तुमाला?"

"न्हाय."

"मग नावंत मधी बसत जावा. कडंला मी बसंन."

आत्यानं कुंकवाचा करंडा मागितला.