मोहाच्या वासाचा गुलाब

गोंडपिपरीत तीस वर्षं नर्सबाई म्हणून काम करून निवृत्त झालेल्या गोकुळाबाई दुर्गे यांच्या अंगणात १९८६ च्या ऑक्टोबरात बावन्न डबे होते. बरेचसे डालड्याचे, काही गोडेतेलाचे, दोन रॉकेलचे. प्रत्येक डब्यावर चुन्यानं आकडा घातलेला आणि प्रत्येक आकड्याची वहीत नोंद: रोप कुणी दिलं, कधी लावलं, पहिलं फूल कधी आलं. दवाखान्यात असताना बाळंतपणाची नोंद त्या अशीच ठेवत. जन्माची वेळ आपल्याला आठवते असं म्हणणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नसे. त्यांच्या मते लिहिलं तेच खरं.

त्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्या कात्री घेऊन गुलाबांची छाटणी करायला बसल्या. सतरा नंबरच्या डब्याशी आल्या आणि त्यांचा हात थांबला. फांद्या लांबसडक आणि पोपटी होत्या, काटे जवळजवळ नव्हतेच. एका देठावरची पानं त्यांनी मोजली. सात. दुसऱ्या देठावर मोजली, तिथेही सात. त्यांच्या चांगल्या गुलाबांच्या देठावर पाचच पानं असत.

बोटानं त्यांनी डब्यातली माती उकरली. चांगला गुलाब नुसता लावत नाहीत. खाली देशी गुलाबाचा खुंट घेतात आणि त्याच्या सालीत हव्या त्या गुलाबाचा डोळा बसवून पट्टीनं बांधतात. डोळा फुटला की खुंटाचं स्वतःचं वाढणं कापत राहायचं असतं. मातीखाली त्यांना तो सांधा सापडला. तिथला डोळा कोळशासारखा काळा पडला होता, आणि सगळ्या जोमदार फांद्या त्याच्या खालून, खुंटाच्या पोटातून आल्या होत्या. चार महिने त्या जवसाच्या ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, पाणी जंगली खुंटाला पाजत होत्या.

दुसरा कुठला डबा असता तर त्यांनी उपटून टाकला असता. पण सतरा नंबर देवरावभाऊंचा होता.

देवराव भोयर भद्रावतीच्या फॅक्टरीत नोकरीला होते आणि तिथल्या कॉलनीत राहत. बागवेड्या लोकांची बागभेट त्यांनीच सुरू केली. भद्रावती, चंद्रपूर, चिमूर, गोंडपिपरी मिळून सहा घरं होती. दर जानेवारीत एका रविवारी एका घराची बाग सगळ्यांना मोकळी. एसटीनं जायचं, झाडं बघायची, जेवायचं आणि परत यायचं. नियम एकच, तोही देवरावभाऊंनीच घातलेला: फाटकाच्या आत जो आला, त्यानं रिकाम्या हातानं जायचं नाही. रोप, काडी, बी, काहीतरी न्यायचंच. दिलेलं झाड आपल्याकडे मेलं तरी दुसऱ्याकडे जगतं, असं ते म्हणत.

त्यांच्या क्वार्टरमागे बियांपासून आपोआप उगवलेला एक गुलाब होता. रंग सायीसारखा, पाकळ्या थोड्या, दिसायला बेताचाच. पण त्याला वास होता मोहाच्या फुलांचा, पहाटे झाडाखाली सडा पडल्यावर येतो तसा गोड आणि जड. लोक नाक लावून हसत. देवरावभाऊ गंभीरपणे सांगत, "फूल खुशाल हुंगा, पन अबकारीवाल्याले दिसू देऊ नका."

१९८४ च्या जानेवारीत त्यांनी त्याच्या काड्या गोकुळाबाईंना दिल्या. सतरा आणि अठरा नंबरच्या डब्यांत दोन डोळे जगले. त्या नोव्हेंबरात देवरावभाऊ कामानिमित्त गोंडपिपरीला आले तेव्हा डबे बघायला थांबले, आणि नेमकी त्याच वेळी तळ्यावरची बुधरी मासळी घेऊन अंगणात आली. बुधरीची दोन्ही बाळंतपणं गोकुळाबाईंनीच केलेली. ती गुलाबापाशी वाकली. "हा त मोहं वासून राह्यला," म्हणाली. देवरावभाऊंनी नियम सांगितला आणि दोनांतला एक डबा उचलून तिच्या टोपलीत ठेवला. गोकुळाबाईंना ते मुळीच आवडलं नाही. बुधरीकडे चार शेळ्या होत्या. तीन महिन्यांनी त्यांनी मुद्दाम विचारलं तेव्हा बुधरीनं ओशाळून सांगितलं की शेळीनं खाल्लं, बोटभर खुंटी उरली. गोकुळाबाईंनी वहीत अठरा नंबरपुढे लिहिलं, "शेळीने खाल्ले", आणि रेघ मारली. मनात थोडं बरंही वाटलं होतं, हे त्यांना नंतर आठवत राहिलं.

१९८५ च्या पावसाळ्यात देवरावभाऊ छातीत कळ येऊन गेले.

सतरा नंबर बिघडला तो गोकुळाबाईंच्या काळजीपायीच. तिकडच्या उन्हाळ्यात पत्र्याचा डबा असा तापतो की मुळं शिजून निघतात. म्हणून त्या दर मार्चमध्ये नदीच्या रेतीचा चर करत आणि डबे गळ्यापर्यंत त्यात पुरत. बाकीच्या डब्यांना तेवढंच करत. १९८६ च्या मार्चात सतरा नंबर लाडका म्हणून त्याच्यावर आणखी चार बोटं माती आणि भाताची तणस चढवली, आणि मोठ्या मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या. मातीखाली डोळा गुदमरला. जूनमध्ये परत आल्या तेव्हा नुसत्या काटक्या उरल्या होत्या. आषाढात तीन हिरवे फुटवे दिसले, आणि आनंदाच्या भरात त्यांनी पानं काही मोजली नाहीत.

नोव्हेंबरात चिमूरहून देवरावभाऊंच्या पत्नीचं, कांताबाईंचं कार्ड आलं. नवरा गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं होतं. ऐन मे महिन्यात सामानाबरोबर गुलाबही खणून चिमूरला भावाकडे आणला, तो आठ दिवसांत वाळला. "आता तुमच्याकडे एकच राहिला. यंदा बागभेट तुमच्या घरी आहे. दोन डोळे द्या. खुंट मी तयार करून आणते."

गोकुळाबाईंच्या यजमानांनी, रामाजी गुरुजींनी, कार्ड वाचलं आणि बायकोला म्हणाले, लिहून टाक खरं काय ते. शाळेत मुलांची चूक पाटीवर जिथल्या तिथे दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते सोपं वाटलं. गोकुळाबाईंनी तीन कार्डं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. पहिलं रडवं झालं, दुसरं रुक्ष, आणि तिसऱ्यात त्या नकळत उन्हाळ्याला दोष देत बसल्या होत्या.

मग त्यांना तेवीस नंबर सुचला. तोही सायीच्या रंगाचा, पण नागपूरच्या नर्सरीतला. फूल नसताना त्याची काडी आणि देवरावभाऊंच्या गुलाबाची काडी कुणाला वेगळी ओळखता आली नसती. कांताबाईंनी डोळे नेले असते, बांधले असते, आणि वास नाही हे पुढच्या हिवाळ्यात कळलं असतं. तोवर चिमूरच्या मातीला दोष देता आला असता. डिसेंबरातल्या एका दुपारी गोकुळाबाई चुन्याची वाटी आणि काडीचा कुंचला घेऊन तेवीस नंबरपुढे बसल्या. तेवीसचा सतरा करायला वेळ लागत नाही.

रामाजी गुरुजी ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि वर न बघता विचारलं, "डब्यावरचा नंबर खोडशील, वहीतला बी खोडशील का?"

गोकुळाबाई उठल्या. वाटीतला चुना त्यांनी आंब्याच्या बुंध्याला लावून टाकला. एका कुटुंबाला आपण दारात उभं राहून, डोळ्याला डोळा देऊन सांगितलं होतं की मूल वाचलं नाही, हे त्यांना आठवलं. तेव्हा सांगायचं टाळलं नव्हतं. एका काडीपायी आता टाळत होत्या.

१८ जानेवारी १९८७, रविवार. सकाळी दहाच्या एसटीनं मंडळी आली. चंद्रपूरचे पोस्टातून निवृत्त झालेले वामनराव नेहमीप्रमाणे सगळ्यांची तिकिटं जपून ठेवत उतरले. सगळ्यांच्या मागून कांताबाई आल्या. मांडीवर धरून आणलेला डबा त्यांनी कडेवर घेतला होता, त्यात पेन्सिलीएवढा जाड, सुरेख खुंट. पिशवीत ओलं फडकं आणि देवरावभाऊंचा डोळे भरायचा चाकू. वर्षभरात त्या बारीक झाल्या होत्या.

चहा व्हायच्या आत सांगायचं असं गोकुळाबाईंनी ठरवलं होतं. त्या कांताबाईंना थेट सतरा नंबरपाशी घेऊन गेल्या, माती उकरून काळा पडलेला सांधा दाखवला आणि म्हणाल्या, "माझ्या हातून मेला. मीच लय माती घातली. तुमाले कार्डानं कळवाचं होतं, मले जमलं नाई."

कांताबाईंनी वाकून पाहिलं. एका देठावरची पानं मोजली. मग डबा खाली ठेवून तिथेच दगडावर बसल्या.

"मी उपटून मारला, तुमी जपून मारला," त्या म्हणाल्या. "ते असते त दोघींवर हसले असते."

हे ऐकल्यावर गोकुळाबाईंच्या छातीवरचं तीन महिन्यांचं ओझं उतरलं. गुलाब गेला होता तो गेलाच होता, पण आता त्याच्याबद्दल कुणाशी खोटं बोलायचं राहिलं नव्हतं. त्या चहा करायला वळल्या.

मंडळी डबे बघत फिरू लागली. वामनराव शेवंतीपुढे थांबून वहीतल्या तारखा तपासत होते. जेवणासाठी मासळी सांगितली होती, ती घेऊन बुधरी मागच्या दारानं आली, अंगणातून चुलीकडे गेली. दगडावर बसलेल्या कांताबाईंनी मान वर केली.

"मोहं फुलला का कुठी?"

वामनराव म्हणाले की जानेवारीत मोह फुलत नाही, अजून पानसुद्धा गळायचं आहे. पण तेही नाक वर करून उभे राहिले. मासळीच्या वासातूनही तो वास येत होता. गोकुळाबाई चहाची किटली हातात घेऊन चुलीकडे बघू लागल्या. बुधरी टोपली उतरवायला वाकली होती आणि तिच्या अंबाड्यात सायीच्या रंगाचं, विस्कटलेलं, थोड्या पाकळ्यांचं एक फूल खोचलेलं होतं.

"बुधरी, हे फूल कुठचं?"

"तुमचंच त होये, नर्सबाई. भाऊनं देल्लं ते."

"त्याले त शेळीनं खाल्लं होतं."

"वरतं खाल्लं. खुंटी होती ना. मासळी धुवाच्या दगडापाशी ठेवून देल्ली, त फुटली." बुधरीला सगळे तिच्याकडे का बघताहेत ते कळेना. "आता छपरावर गेला तो. दोन सालापासून फुलून राह्यला."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमच्या घरी हाये ना तेच झाड. त्यात काय सांगाचं?"

चहा निवत ठेवून मंडळी निघाली. मासळी साफ करायचं काम गुरुजींच्या गळ्यात पडलं. जेवण किती वाजता होईल ते आता विचारू नका, असं त्यांनी पाठमोऱ्या लोकांना बजावलं. पाऊण कोस वाट, शेतांच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं. कांताबाई खुंटाचा डबा कुणाला घेऊ देईनात.

तळ्याच्या पाळीखाली बुधरीचं घर होतं. दगडापासून छपरापर्यंत गुलाब चढला होता, बुडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि कुंपणाबाहेर आशेनं उभी असलेली एक शेळी. झाडाला रोज मासळी धुतलेलं पाणी मिळत होतं. गोकुळाबाईंनी काटे बाजूला करून बुंधा पाहिला. शेळीनं डोळ्याच्या वरच तोडलं होतं, त्यांनी कात्रीनं छाटलं असतं तसंच. सांधा जमिनीच्या वर, उघड्या हवेत, गाठीसारखा जाड झाला होता. त्यांनी पानं मोजली. पाच. पुन्हा मोजली. पाचच.

कांताबाईंनी तिथेच दगडावर बसून चाकू उघडला. खुंटाच्या सालीला चीर दिली, काडीवरचा डोळा अलगद सोलून आत बसवला. वर्षभर चाकू हातात धरला नव्हता, तरी डोळा पहिल्याच खेपेला बसला. पट्टी गोकुळाबाईंनी बांधली, बाळाची नाळ बांधायच्या गाठीनं.

सगळे उठले तशी बुधरी वाटेत उभी राहिली. मंडळीला तिनं थोडं दरडावूनच सांगितलं. "माझ्या आंगणात आले ना? मंग रिकाम्या हातानं नाई जाचं. भाऊनं सांगितलं होतं." आणि विळ्यानं तिनं सहा घरांसाठी सहा काड्या तोडल्या, वरच्या फुलांसकट.

जेवायला तीन वाजले. पाचच्या एसटीला गोकुळाबाई सगळ्यांना पोचवायला गेल्या. ओल्या फडक्यातल्या काड्यांचा वास गाडीभर झाला, तेव्हा कंडक्टरनं सीटखाली वाकून बघितलं आणि कोणाजवळ मोहाची बाटली असेल तर आत्ताच उतरा म्हणून बजावलं. कांताबाईंनी फडकं सोडून फूल त्याच्या नाकाशी धरलं.

"खुशाल हुंगा," त्या म्हणाल्या. "पन अबकारीवाल्याले दिसू देऊ नका."

खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गोकुळाबाईंना त्यांचं हसणं ऐकू आलं. मग गाडी सुटली.

घरी आल्यावर त्यांनी वही काढली. अठरा नंबरपुढची रेघ तशीच ठेवली, कारण लिहिलेलं खोडायचं नसतं. तिच्याखाली लिहिलं, "शेळीने खाल्ले, पण जगले." मग आपल्या वाट्याची काडी घेऊन उजेड आहे तोवर अंगणात आल्या. रिकामा खुंट कुठे आहे हे त्या शोधू लागल्या तेव्हा गुरुजी ओसरीवरून म्हणाले, सतरा नंबर काऊन नाई? चार महिने ढेप खाऊन त्याच्याएवढा पोसलेला खुंट तालुक्यात नसेल.

सतरा नंबरची सात पानांची फांदी खरंच अंगठ्याएवढी जाड झाली होती. साल चटकन सुटली. गोकुळाबाईंनी डोळा बसवला, पट्टी बांधली, आणि मातीवर पुन्हा माती घालायला गेलेला हात मागे घेतला.