विमावाल्यांनी तंबाखूचं विचारलं तेव्हा

ये, अशी जवळ सरक अन् आधी माझी बोलणी खा. घरात कमावती तू एकटी, अन् विम्याचं नाव काढलं की ‘असलं अभद्र नको बोलू मावशी’ म्हणून विषय मोडतीस. विमा काढला म्हणून माणूस मरत नाय गं. न काढताही मरतंच. माझा जावई गेला तेव्हा बघितलंय मी.

तेव्हापासून माझी लेक नातीला घेऊन गारखेड्यात माझ्याजवळच राहते. चितेगावला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते. पगार महिना सरायच्या आधीच संपतो, तरी मागल्या साली तिनं विमा काढायचं मनावर घेतलं. माझा भाचा विमे काढून द्यायचंच काम करतो, त्याला बोलावलं. त्यानं दोन तऱ्हा सांगितल्या. एकीत शेवटी पैसे परत मिळतात, पण हप्ता मोठा अन् मागं राहणाऱ्याला मिळणारी रक्कम बारकी. दुसरीत हप्ता लहान, रक्कम मोठी, पण माणूस सुखरूप राहिलं तर हाती काही येत नाय. मी आपली पहिलीच्या बाजूची. घामाचे पैसे पाण्यात कशाला घालायचे?

लेक म्हणाली, “आई, मला परत काही नको. मी नसले तर हिला पाहिजे.”

नात तिथंच चित्र रंगवत बसलेली.

मग दुसरीच घ्यायची ठरली. भाच्यानं मोबाईलवर माहिती भरली. तंबाखू खाता का, असं त्यात होतं. लेक म्हणाली ‘नाय’, अन् ती काही खोटं बोलली नाय. आपल्यात तंबाखू म्हणजे गड्यांनी चुना लावून मळायची. बायका सकाळी मिश्री लावतात ते दात घासणं. त्याला व्यसन कोण म्हणतं? नवरा गेल्यापासून लेकीचं ते दात घासणं दिवसातून तीनदा व्हायला लागलं होतं, एवढंच.

दोन दिसांनी विमावाल्यांचा फोन आला. बोलणं रेकॉर्ड होतंय, म्हणाली फोनवरची पोरगी. भाचा शेजारी बसलेला, फोन स्पीकरवर. दमा आहे का, शुगर आहे का, सगळं झालं. मग तिनं विचारलं, “तंबाखू कुठल्याही स्वरूपात घेता का?”

ते ‘कुठल्याही स्वरूपात’ माझ्या कानात अडकलं. तंबाखू तव्यावर जाळून कुटते कोण? मीच की. सगळ्या घरभर ठसका लागतो. मी लेकीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. तिलाही कळलं होतं. भाच्यानं मला मान हलवून गप राहायला सांगितलं.

“मॅडम, ऐकू येतंय ना?” फोनमधली पोरगी म्हणाली.

लेकीनं फोनवर तळहात दाबला. “आई, हप्ता वाढंल. मग नायच जमणार.”

“आत्या, कोण बघतंय दात?” भाचा पुटपुटला. त्याचंही खरं होतं म्हणा. हप्ता वाढला असता अन् हिनं सगळंच सोडून दिलं असतं, तर नातीच्या वाट्याला काय? पण आज खोटं सांगून उद्या त्यांनी तेच उकरून काढलं अन् पैसे नाकारले, तर ही लहान पोर कुणाच्या दारात भांडायला जाईल?

मी लेकीचा हात बाजूला केला अन् म्हणाले, “बाई, मिश्री लावते ती. रोज.”

फोनमधल्या पोरीला मिश्री ठाऊक नव्हती. तंबाखू जाळून, कुटून दाताला लावतात, असं मी तिला समजावून सांगितलं. लेक उठून मोरीत भांडी आपटायला गेली.

हप्ता वाढलाच. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. रोज वाटायचं, आज म्हणंल राहू दे तो विमा. शेवटी तिनंच भाच्याला फोन लावला, म्हणाली रक्कम कमी कर, हप्ता मला झेपंल एवढाच ठेव, पण तंबाखूच्या पुढं ‘व्हय’ असू दे. रक्त-लघवी तपासली, अन् पॉलिसी आली. मनात होती तेवढी मोठी नाय. पण वारस म्हणून नातीचं नाव लावलंय, अन् खरी आहे.

मिश्री सुटली का म्हणून विचारू नको. दोनदा सुटली अन् दोनदा लागली.

तू आता आढेवेढे घेऊ नको. भाचा रविवारी घरीच असतो, त्याला इकडंच बोलावते. समोर बसून विचार काय विचारायचं ते. पोरांनाही आण, जेवूनच जा. पण लवकर ये बाई, दिवाळीवर ढकलू नको.