घुबडाची बाजू घेणारा

शेजारच्या मोटार मेकॅनिकनं मला वैताग आणलाय. आमच्या माळवदाखालच्या भोकात पांढऱ्या तोंडाचं घुबड राहतं. ज्वारीच्या गोदामातले उंदीर गिळतं आणि केसा-हाडांचे गोळे ओकतं. हा रोज सकाळी न विचारता अंगणात येतो, ते गोळे बारक्या स्क्रूड्रायव्हरनं फोडतो आणि ओरडतो, "काका, बघा की, तीन कवट्या!"

बायको गेली तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, घुबड ओरडलं म्हणून गेली. मी भोक बुजवायला सिमेंट कालवलं. ह्यानं घमेलं ओढून घेतलं. "काका, ते उंदीर खातंय, माणसं न्हाय."

लई शहाणा! घुबडानं नेली न्हाय, तर मग मी तिला दवाखान्यात उशिरा नेलं म्हणून ती गेली, एवढंच उरतं की.